गोदामाला कुत्रा हवा, पण कोणता?

शटरला दोन कुलपे आहेत, कंपाउंडच्या भिंतीवर काचा बसवल्या आहेत, रात्रभर दिवाही जळतो. तरीही सकाळी वखार उघडताना मनात धाकधूक असतेच. ईदला सारे कारागीर गावी गेले की ती आणखी वाढते. रखवालदार ठेवावा तर त्याचा पगार लहान धंद्याला झेपत नाही. मग कोणीतरी सल्ला देतो की एखादा दांडगा कुत्रा ठेवा. आमचे बांधव बाजारात जातात आणि दिसायला सर्वांत भयंकर असलेल्या जातीचे पिल्लू घेऊन येतात.

आमच्या परिचयातील एका लाकूड व्यापाऱ्याने असेच केले. रॉटवायलरचे पिल्लू आणले आणि फाटकाशी साखळीने बांधून ठेवले. दीड वर्षात तो कुत्रा मालकाखेरीज कोणालाच जवळ येऊ देईना. हमाल माल उतरवायला नकार देऊ लागले. एके दिवशी साखळी तुटली आणि शेजारचे लहान मूल जखमी झाले. दवाखान्याचा खर्च झाला, शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध बिघडले आणि शेवटी कुत्राही देऊन टाकावा लागला. त्या वखारीत चोरी एकदाही झाली नव्हती. नुकसान मात्र झाले, आणि तेही राखणीच्या नावाखाली.

म्हणून या लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. कुत्रा ठेवावा का, आणि ठेवायचा तर कोणता?

शरीअतची मर्यादा

अनेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. हदीसमध्ये शिकार, जनावरांची राखण आणि शेतीची राखण या कामांसाठी कुत्रा पाळण्याची सवलत दिली आहे. निव्वळ हौसेखातर कुत्रा बाळगल्यास रोजच्या नेकीत घट होते, असेही सांगितले आहे. शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेल्या शिकारीचा उल्लेख कुरआनच्या सूरह माइदामध्ये आहे. घरदार आणि मालमत्तेची राखण ही गरजही याच प्रकारची आहे, असे कियास करून अनेक उलेमांनी तिला परवानगी दिली आहे. शाफई मसलकाचे इमाम नववी यांचे मतही असेच आहे. थोडक्यात, खरी गरज असेल तर वाट मोकळी आहे; मिरवण्यासाठी असेल तर नाही.

पाकीच्या बाबतीत मसलकांत फरक आहे. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्यांच्या मते कुत्र्याचे सर्व अंगच नापाक आहे आणि त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने, धुवावे लागते. कुत्र्याच्या किमतीबद्दलही मतभेद आहेत. कामाच्या कुत्र्याची खरेदी-विक्री हनफी मसलकात जायज मानली जाते, शाफई मसलकात नाही. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. कुत्र्याची जागा गोदामाच्या आवारात असावी, राहत्या घरात नव्हे. त्याची भांडी वेगळी असावीत. त्याला खाऊ घालणाऱ्याने त्या वेळचे कपडे वेगळे ठेवावेत. कारखान्यात नमाजची जागा असेल तर कुत्रा तिकडे जाणार नाही अशी आडकाठी करावी. राखणीच्या दृष्टीनेही हीच व्यवस्था उत्तम आहे, कारण कुत्रा ज्या जागेत राहतो तीच जागा तो आपली मानतो.

आधी काम ठरवा, मग जात

राखणीचा कुत्रा तीन प्रकारची कामे करू शकतो: भुंकून खबर देणे, नुसत्या दर्शनाने दरारा बसवणे आणि प्रत्यक्ष अंगावर जाऊन माणसाला रोखणे. तिसरे काम पोलीस आणि लष्कराचे आहे. त्यासाठी शिकवलेला कुत्रा लागतो आणि त्याला हाताळणारा शिकलेला माणूसही लागतो. व्यापाऱ्याला पहिली दोन कामे पुरेशी आहेत. चोराला अंधार आणि शांतता हवी असते. शांतता मोडली की त्याचे निम्मे धैर्य तिथेच खचते.

मग स्वतःला काही प्रश्न विचारावेत. जागा किती आहे? दिवसा किती अनोळखी माणसे येतात? कुत्र्याला रोज दोन वेळा खायला कोण देणार, फिरवून कोण आणणार? आणि धंदा आठ दिवस बंद राहिला तर त्याच्याकडे कोण पाहणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर कुत्रा आणूच नये. ज्या दिवसांत चोरीची भीती जास्त, त्याच दिवसांत तो उपाशी राहील.

जातींची ओळख

जर्मन शेफर्ड. आपल्याकडे जुने लोक याला अल्सेशियन म्हणतात. १८९९ पासून जर्मनीत ही जात पद्धतशीरपणे घडवली गेली. मूळचा हा मेंढपाळाचा कुत्रा. नर ३० ते ४० किलोचा भरतो. हुशार, आज्ञाधारक, घरच्यांचा आणि परक्यांचा फरक चटकन ओळखणारा. शिकवायला वेळ असेल तर विदेशी जातींत हाच सर्वांत भरवशाचा. मात्र याचे केस दाट असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्वचेचे विकार होतात, शिवाय या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार बराच आढळतो. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये याला ठेवू नये.

डॉबरमन. या जातीची कथा व्यापाऱ्यांना गमतीची वाटेल. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील आपोल्डा गावी लुई डॉबरमन नावाचा कर वसूल करणारा गृहस्थ होता. वसुलीच्या फेऱ्यांत सोबतीला राखण हवी म्हणून त्याने ही जात तयार केली, असे सांगतात. उंच, चपळ, आखूड केसांचा. आपल्या उन्हाळ्यात तो शेफर्डपेक्षा बरा टिकतो, पण माणसाच्या सहवासाशिवाय राहू शकत नाही. एकटा डांबून ठेवला तर भित्रा आणि चिडका होतो, आणि भित्रा कुत्रा आधी चावतो.

रॉटवायलर. जर्मनीतील रॉटवाइल शहराच्या नावावरून हे नाव पडले. पूर्वी खाटकांची जनावरे हाकणे आणि त्यांच्या गाड्या ओढणे ही याची कामे होती. नर ५० किलोच्या आसपास जातो. ताकद प्रचंड, अननुभवी मालकाच्या हाती हा कुत्रा धोक्याचा. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्यास राज्यांना कळवले. त्या यादीत रॉटवायलर आणि पिटबुल होते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी जिथे हमाल, टेम्पोवाले आणि गिऱ्हाईक यांची दिवसभर ये-जा असते, तिथे या जाती नकोत असे आमचे स्पष्ट मत आहे.

लॅब्रॅडॉर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड. लॅब्रॅडॉर स्वभावाने प्रेमळ. चोरापुढेही शेपटी हलवील. ग्रेट डेनचा आकार दरारा बसवतो, पण खाणे अफाट आणि आयुष्य कमी. सेंट बर्नार्ड हा बर्फाळ डोंगरातला. त्याला आपल्या उन्हाळ्यात ठेवणे म्हणजे निव्वळ जुलूम.

मुधोळ. कर्नाटकातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीला नाव मिळवून दिले. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. सडपातळ, उंच, नजरेने शिकार हेरून धावणारा हा कुत्रा. परक्याला जवळ करत नाही आणि आपले हवामान त्याला मानवते. शेत, वीटभट्टी, मोठ्या मोकळ्या आवारातील कोंबड्यांचा किंवा शेळ्यांचा व्यवसाय यांसाठी उत्तम. मात्र त्याला धावायला मैदान हवे. भिवंडी-मालेगावच्या गल्लीतील लूमच्या शेडमध्ये तो कुजून जाईल.

राजपालयम. तामिळनाडूचा पांढराशुभ्र, धाडसी कुत्रा, राखणीला चांगला. पण या जातीत काही पिल्ले जन्मतः बहिरी असतात. पिल्लू पाठमोरे असताना टाळी वाजवून पाहावी. जो ऐकत नाही तो राखण काय करणार?

गावठी कुत्रा. आता ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्याच्याविषयी. आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा याच मातीत, याच हवेत हजारो वर्षे टिकून राहिला आहे. त्याचे केस आखूड, खाणे बेताचे, आजार कमी. जागेचा त्याला फार अभिमान असतो आणि जरा खुट्ट झाले की तो उठतो. दोन महिन्यांचे पिल्लू आणून नीट वाढवले, लसी टोचल्या, तर गोदामाला खबर देणारा याच्यासारखा राखणदार नाही. किंमतही द्यावी लागत नाही, म्हणजे खरेदीच्या मसल्याचाही प्रश्न उरत नाही. बहुतेक लहान व्यापाऱ्यांना आमची शिफारस हीच आहे. माडीवरच्या छोट्या दुकानासाठी लहान स्पिट्झही चालेल. आपल्याकडे पॉमेरियन म्हणतात तोच. आवाजात तो कमी पडत नाही.

पिल्लू निवडताना आणि वाढवताना

पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. शक्य तर आई पाहावी. ती शांत असेल तर पिल्लेही बहुधा तशीच निघतात. कोपऱ्यात लपणारे पिल्लू घेऊ नये आणि सर्वांवर धावून जाणारेही घेऊ नये. डोळे स्वच्छ, कातडी निरोगी, हाक मारल्यावर जवळ येणारे, ते आपले.

पहिले तीन-चार महिने त्याला कारागीर, हमाल, मुले, टेम्पोचा आवाज या सर्वांची ओळख करून द्यावी. माणसांत वावरलेला कुत्रा राखण करणार नाही ही समजूत चुकीची आहे. रोजचे काय आणि वेगळे काय हे ज्याला कळते तोच योग्य वेळी भुंकतो. मारून, डिवचून, मिरच्या चारून कुत्रा तिखट होतो हाही खुळा समज. तो फक्त बिथरतो. खरी राखण तो दीड-दोन वर्षांचा झाल्यावर सुरू होते, तेव्हा घाई करू नये. ठराविक भांड्यातूनच खाण्याची सवय लावावी, कारण चोर विषारी मांस टाकतात. शिजवलेली हाडे घालू नयेत. ती फुटून घशात किंवा आतड्यात टोचतात.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नियमाने द्यावी. कुत्रा कोणाला चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी. हळद, चुना, तंबाखू लावत बसू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कायदा काय सांगतो

आपल्या कुत्र्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला फार वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे आणि बांधलेल्या कुत्र्याला मोकळे न फिरवणे हाही गुन्हा आहे. म्हणून दिवसा सावलीची ऐसपैस जागा, रात्री आवारात मोकळा, असा क्रम ठेवावा. फाटकावर ठळक मराठी-उर्दूत ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावावी. अनेक महानगरपालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, तोही काढून ठेवावा.

शेवटी

कुत्रा हा कुलपाला पर्याय नव्हे. चांगले कुलूप, दिवा, शेजाऱ्यांशी सलोखा आणि त्यांच्या जोडीला जागता कुत्रा, एवढे असेल तर माल बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. यातील सलोखा गमावून कुत्रा मिळवणे हा तोट्याचा सौदा आहे. आणि एकदा त्याला दारात आणले की त्याचे अन्न, पाणी आणि औषध आपल्या जबाबदारीचे झाले. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जो मुका जीव रात्रभर आपल्या रोजीची राखण करतो, त्याच्या भांड्यातले पाणी दुकान बंद करताना एकदा पाहून जावे.