यादी लागेपर्यंत

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, यात आता कुणाला नवल वाटत नाही. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२. निकाल १३ मेला आला, पेढे वाटून झाले आणि रत्नागिरीच्या घराघरांत नवीच काळजी शिरली. तोवर अकरावीचा प्रवेश म्हणजे कॉलेजातून फॉर्म आणायचा, भरून द्यायचा आणि यादी लागली की नोटीस बोर्डावर नाव शोधायचे. त्या वर्षी मुंबई-पुण्याची ऑनलाइन केंद्रीय पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. नोंदणी २१ मेला सुरू व्हायची होती. संकेतस्थळच चालेना, म्हणून २६ मे उजाडला. पहिली यादी आली २८ जूनला. निकालापासून तब्बल दीड महिना!

अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अर्ज जसजसे येतात तसतसे तपासले जातात आणि निर्णय कळवला जातो. तिथे लवकर अर्ज करणाऱ्याचा फायदा असतो, कारण जागा भरत जातात. आपल्याकडे तसे नाही. मुदतीच्या पहिल्या दिवशी भरलेला फॉर्म आणि शेवटच्या दिवशी भरलेला फॉर्म यांत काहीच फरक नाही. क्रम लागतो तो गुणांवर. तेव्हा पहिल्याच दिवशी सायबर कॅफेत गर्दी करून घाईघाईत कॉलेजांचे पसंतीक्रम टाकण्यापेक्षा चार दिवस घरात बसून बोललेले बरे.

कारण खरी मेख त्या पसंतीक्रमात आहे. किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजे लिहिता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते; न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे मिळाले तर घ्या किंवा पुढच्या फेरीची वाट पाहा, पण सोडलेली जागा तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते. म्हणून पहिल्या जागी 'बघू तरी' म्हणून काहीही लिहू नये.

मुलींच्या बाबतीत हे जास्त जपायला हवे. शहरातल्या गोगटे-जोगळेकरला नंबर लागला नाही आणि यादीत सहज टाकलेले लांबचे कॉलेज निघाले, तर "एवढ्या लांब एसटीने रोज कोण पाठवणार?" हा प्रश्न घरात उठतो आणि हुशार मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. एसटीची वेळ, मगरिबच्या आत घरी पोहोचते का, नात्यातले कुणी त्या गावी आहे का, हे सारे फॉर्म भरण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. नंतर विचारले तर त्याची किंमत मुलगी मोजते. आणि या बोलण्यात मुलीलाही बसवा, शिकायचे तिला आहे!

आपल्या घरांत आणखी एक अडचण नेहमीची. अब्बू कुवेतला किंवा दुबईला, आणि नोंदणीला नंबर दिलेला त्यांचा. ओटीपी तिकडे जातो, ते ड्युटीवर असतात, इकडे मुलगी मोबाइल हातात घेऊन बसलेली. घरात जो फोन कायम असतो त्याचाच नंबर द्यावा.

अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या समाजाच्या मुलांसाठी ५० टक्के कोटा असतो, संस्थेच्याच शाळेतल्या मुलांसाठी १० टक्के इनहाउस. याची निवड फॉर्ममध्ये वेगळी करावी लागते. नुसते नाव मुस्लिम आहे म्हणून कोटा आपोआप लागत नाही. ओबीसीची सवलत घेणाऱ्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाच्या आधीच हाताशी ठेवावे. मे-जूनमध्ये सेतू केंद्रासमोरच्या रांगा आम्ही वेगळ्या सांगायला नकोत.

पहिल्या यादीत नाव आले नाही म्हणजे सगळे संपले असे नव्हे. २०२५ मध्ये नियमित फेऱ्यांनंतर सर्वांसाठी खुली फेरीही झाली. दर फेरीला पसंतीक्रम बदलता येतो. कट-ऑफ पाहून तो बदलावा. मात्र वाट पाहण्याच्या या दिवसांत "शेजारच्या आसिफचा नंबर लागला, तुझा का नाही?" हे वाक्य घरात कुणी बोलू नये. मूल आधीच रात्रभर जागे असते.

दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ताही आहे. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणच्या प्रवेशाची प्रक्रिया वेगळी चालते आणि दोन्हीकडे अर्ज करता येतो. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो एका ठिकाणी जमा करण्याआधी दुसरीकडची यादी कधी लागते, ते पाहून घ्यावे.