पाझर न फुटणारा कातळ

दगडालाही पाझर फुटतो, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. परंतु ज्याला पाझर फुटूच नये, अशा दगडाचा शोध स्वीडन देशाने अनेक वर्षे घेतला.

अणुभट्टीतील वापरलेले इंधन सुमारे एक लाख वर्षे जपून ठेवावे लागते. ते तांब्याच्या जाड डब्यांत भरावयाचे, भोवती पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती दाबावयाची आणि सुमारे ५०० मीटर खोल कातळात पुरावयाचे, अशी तेथील योजना आहे. तिचा खरा वैरी पाणी. भेगांतून फिरणारे पाणीच डबा झिजवील आणि आतले विष वर आणील.

मग कातळ न फोडता त्याचे अंतरंग कसे जाणावे? त्यासाठी जेमतेम तीन इंच रुंदीची विंधनविवरे घेतली. काही तर सुमारे १००० मीटर लांबीची. वर आलेला दगडाचा गाभा तपासतातच. पण विवरात उपकरणे सोडून त्याच्या भिंतीचीही उलटतपासणी करतात. अखंड कातळ विजेला अडवितो; पाणी भरलेली भेग तिला वाट देते. ध्वनिलहरी अखंड खडकातून वेगाने धावतात, भेगाळ खडकात मंदावतात. कॅमेरा भेगांची दिशा दाखवितो. परंतु दिसणारी प्रत्येक भेग वाहती नसते. कित्येक खनिजांनी बुजलेल्या असतात. म्हणून विवरातील पाणी उपसून कोणत्या खोलीवर किती पाणी आत येते, तेही मोजतात. आपला पाणाड्या झरा लागला की सुखावतो. येथे झरा न लागण्यातच समाधान!

२००२ पासून फोर्समार्क आणि लाक्सेमार या दोन जागांची अशी परीक्षा झाली. फोर्समार्कच्या सुमारे १९० कोटी वर्षांच्या कातळात त्या खोलीवर वाहत्या भेगा फारच थोड्या आढळल्या. २००९ मध्ये तीच जागा निवडली गेली आणि २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली.

तरीही विवर बोलते ते आपल्या आसपासचेच. उभे विवर उभ्या भेगेला चुकवू शकते, म्हणून काही विवरे तिरकी घेतात. शिवाय प्रत्येक विवर ही पाण्याला नवी वाट. ती शेवटी घट्ट बुजवावी लागते. जाणून घेण्यासाठी जखम करावी लागते, ती मोजकीच करावी, हा विवेक मला यंत्रांहून मोलाचा वाटतो. वीज आपण वापरणार आणि राखण लाख वर्षांनंतरच्यांच्या माथी येणार. त्यांची संमती आपल्याला घेता येत नाही. निदान त्यांच्या वतीने कातळाला नीट प्रश्न विचारणे तरी आपल्या हाती आहे.