‘पदवीधर आमदार’ म्हणजे कोण?

पदवीधर मतदारसंघाचा आमदार पदवीधर असतोच आणि शिक्षक मतदारसंघाचा आमदार शिक्षकच असतो, असे अनेकजण धरून चालतात. नावच तसे असल्याने हा समज सहज होतो.

महाराष्ट्र विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत 288 सदस्य थेट जनतेच्या मतांनी येतात. विधान परिषदेत (वरिष्ठ सभागृहात) 78 सदस्य असतात: 30 जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, 22 जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, 12 जणांना राज्यपाल नेमतात. उरले 14. त्यांतले 7 पदवीधर मतदारांचे, 7 शिक्षक मतदारांचे.

येथे ‘पदवीधर’ हे विशेषण मतदाराचे आहे, उमेदवाराचे नव्हे. पदवी मिळून किमान 3 वर्षे झालेल्यांनाच त्या यादीत नाव नोंदवता येते. उमेदवाराने मात्र 30 वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे. पदवीची अट नाही. बांधाच्या वादासाठी शेतकरी वकील देतो, तेव्हा वकिलाच्या नावावर सातबारा आहे का, हे कोणी विचारत नाही. तसेच हे.

सर्वोच्च न्यायालयानेही 1972 साली, मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाच्या खटल्यात, हाच अर्थ मान्य केला. शिक्षक मतदारसंघालाही तोच नियम लागू होतो. शेजारच्या गोव्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे 40 सदस्यांची विधानसभा आहे, परिषद नाही.