तलाव तोच, पण मासा कोणता?

रायपूरच्या मासळीबाजारात एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. पुढच्या फळीवर रोहू आणि कतला यांची रास, शेजारी मृगळ, ज्याला तिकडे मिरगल म्हणतात. आणि बाजूला, पाणी भरलेल्या घमेल्यात, वळवळणारी खोकसी आणि मोंगरी. खोकसी म्हणजे आपली मरळ, मोंगरी म्हणजे मांगूर. ही मासळी जिवंत विकली जाते आणि तिचा भावही वरचढ असतो. गंमत पाहा, फळीवरच्या माशाचं बीज दरवर्षी विकत आणून तळ्यात सोडावं लागतं. घमेल्यातला मासा मात्र पिढ्यान् पिढ्या कुणी न सोडताच तळ्यात आणि धानाच्या बांधीत वाढत आला.

मग सोडायचा कोणता आणि राखायचा कोणता? प्रश्न कोळ्याच्या घरापुरता वाटतो, पण छत्तीसगढसारख्या राज्यात तो साऱ्या गावाच्या ताटाशी येऊन भिडतो. कारण हा तलावांचा मुलूख. 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तलाव, अशी मोजणी तिथल्या जुन्या गावांबद्दल अभिमानाने सांगितली जाते. खुद्द रायपुरात बूढा तालाब आहे, तेलीबांधा आहे. शहरापासून दीड-दोन तासांवर, धमतरीजवळ, महानदीवरचं गंगरेल धरण. १९७८च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणामागे रविशंकर सागर हा अफाट जलाशय पसरलेला आहे. गावतळं आणि हा सागर, दोन्हींत पाणीच. पण माशाच्या हिशेबाने ही दोन वेगळी जगं आहेत आणि सगळा घोळ होतो तो नेमका इथेच.

आधी मत्स्य विभागाची बाजू ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. कतला, रोहू आणि मृगळ ही मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातली मासळी म्हणून ओळखली जाते. ती साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला पावसाळ्यातली वाहती, चढती नदी लागते. त्यामुळे एके काळी बंगालच्या नद्यांमधून पिल्लं पकडायची आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवायची, असा धंदा चाले. वाटेत निम्मी-अधिक मरत आणि उरलेल्यांत भलत्याच जातींची भेसळ निघे! १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन घडवून आणलं आणि चित्रच पालटलं. हाच दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे चीनकडच्या जातीही आल्या. १९५९मध्ये सिल्व्हर कार्प आणि ग्रास कार्प आले, त्याआधीच कॉमन कार्प आला होता. यातून सहा माशांचं गणित बसलं. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सिल्व्हर कार्प पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, ग्रास कार्प पाणवनस्पती फस्त करतो, कॉमन कार्प तळाचा गाळ उकरतो. म्हणजे एकाच घरात सहा बिऱ्हाडं, प्रत्येकाची चूल वेगळी! गावतळ्यातलं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. ज्या घरात महिन्यातून एकदा मासा शिजे तिथे तो आठवड्याला शिजू लागला. छत्तीसगढने २०२१मध्ये मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा दिला, त्यामागेही हाच विश्वास आहे.

उन्हाळ्यात जवळजवळ कोरडं पडणारं एकर-दोन एकराचं तळं असेल तर हे गणित ठीकच. चूक झाली तर पुढच्या वर्षी जाळं फिरवून, पाणी उपसून नव्याने सुरुवात करता येते. मोठ्या जलाशयात ही सोय नसते. गंगरेलसारखा जलाशय उपसणार कोण? तिथे सोडलेला मासा रुजला, की तो कायमचा.

पुराने आणलेला पाहुणा

याचा सर्वांत गाजलेला धडा भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात मिळाला. हिमाचलातही एक बिलासपूर आहे, छत्तीसगढच्या बिलासपूरशी त्याची गल्लत करू नये. तिथल्या देओलीच्या मत्स्यबीज केंद्रातून १९७१च्या पुरात सिल्व्हर कार्प निसटले आणि जलाशयात शिरले. कुणी ठरवलं नव्हतं, परवानगी मागितली नव्हती. वाहत्या सतलजचं थंड पाणी या चिनी पाहुण्याला असं मानवलं, की तो तिथे स्वतःहून वाढू लागला. पुढच्या काही वर्षांत जाळ्यात येणाऱ्या माशांत त्याचाच वरचष्मा झाला. कतला मागे पडला, महसीरही घटला.

पण यात एक मेख आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. गोविंदसागरातलं एकूण उत्पादन घटलं नाही, वाढलं! देशातल्या मोठ्या जलाशयांत दर हेक्टरी उत्पादनात तो वरच्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे वजनकाट्यापुढे उभं राहिलं, तर सिल्व्हर कार्प जिंकला. ताटापुढे बसलं तर? हा मासा पाण्याबाहेर लवकर मऊ पडतो, काटेही बारीक, म्हणून कतल्याच्या मानाने त्याला भाव कमी. किलो वाढले, तरी किलोमागचे पैसे त्या प्रमाणात वाढतीलच असं नाही.

साऱ्या जगाला हाच हिशेब आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराने शिकवला. १९५०च्या दशकात तिथे नाईल पर्च हा दांडगा शिकारी मासा सोडला गेला. काही दशकांत युरोपला मासळी पाठवणारे कारखाने उभे राहिले, परकीय चलन येऊ लागलं. त्याच वेळी सरोवरातल्या, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या, शेकडो लहान जाती नाहीशा झाल्या किंवा त्या वाटेला लागल्या. काठावरच्या बायका पूर्वी लहान मासळी उन्हात वाळवून विकत. तेलकट, मोठा पर्च वाळत नाही. तो धुरावायचा तर सरपण लागतं, म्हणजे पुन्हा झाडं तुटणार.

आता कुणी म्हणेल, परदेशी मासा नको एवढंच ना? देशी सोडा, मग झालं! तेही इतकं सरळ नाही. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. निळ्या पराचा महसीर हा आपल्या दख्खनच्या नद्यांचा मासा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून १८३९मध्ये साइक्स या इंग्रजाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. धरणांमुळे तो संपत चालला, म्हणून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी त्याची पैदास सुरू केली. काम वाखाणण्याजोगंच होतं. पण इथली पिल्लं दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून मदार असलेला, नारिंगी पराचा, प्रचंड आकाराचा स्वतंत्र महसीर होता. निळ्या पराच्या पाहुण्याने तिथे बस्तान बसवलं आणि कावेरीचा मूळचा महसीर विरळ होत गेला. २०१८मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तेव्हाच त्याचं नाव अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेलं. लोणावळ्याचा मासा कावेरीला परकाच होता. नकाशावरच्या देशाच्या सीमा माशाला ठाऊक नसतात, त्याचा देश म्हणजे त्याची नदी.

ढिवरांना विचारलं तेव्हा

रायपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी धरली, की अडीच-तीन तासांत गोंदिया येतं. १९५६पर्यंत हा सारा भाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. इकडे आणि तिकडे, दोन्हीकडे मालगुजारी पद्धत आणि गावोगाव तलाव. भंडारा-गोंदियाकडचे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक सरकारी नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. पाणी शेतकऱ्याच्या धानाला, मासा ढिवरांना, अशी जुनी वाटणी.

इथेही मत्स्य सहकारी संस्थांनी रोहू-कतल्याचं बीज आणलं, कॉमन कार्प आणि ग्रास कार्पही आले. सुरुवातीला हात भरले. मग लक्षात आलं, की दरवर्षी बीज विकत घ्यावं लागतं, पाऊस दगा देतो तेव्हा पैसे बुडतात आणि तळ्यातली पाणवनस्पती गायब होत चालली आहे. ग्रास कार्प ती खातो, कॉमन कार्प मुळांखालचा गाळ उपसून पाणी गढूळ करतो. मोकळ्या काठावर बेशरम माजली. पाण्यातलं गवत गेलं तशी त्यात अंडी घालणारी मरळ, शिंगी, वाम आणि झिंगे कमी झाले, पाणपक्षीही कमी झाले.

भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांच्या 'फीड' संस्थेने वेगळी वाट धरली. तज्ज्ञ आणण्याआधी ढिवरांनाच विचारलं. कोणता मासा कुठल्या वनस्पतीपाशी राहतो, कुठे अंडी घालतो, कधी चढतो, हे सारं जुन्या ढिवरांना तोंडपाठ होतं. कागदावर मात्र त्यातलं काहीच नव्हतं. अर्जुनी मोरगाव भागातल्या तलावांत लोकांनी बेशरम उपटून काढली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्राची मशागत केली आणि पाण्याखाली वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. या कामात ढिवर बायका पुढे होत्या. देशी मासळी आणि पक्षी, दोन्ही परतू लागले. विशेष म्हणजे, रोहू-कतल्याला कुणी हाकलून दिलं नाही. त्यांना तळ्याचा एक भाग मिळाला, सगळं तळं नाही.

लहान मासळीला आपण 'चिल्लर' म्हणून हिणवतो. छत्तीसगढच्या आठवडी बाजारात तिचीच वाळवून केलेली सुकसी मापाने विकली जाते आणि गरिबाच्या भाजीला चव आणते. ही मासळी डोक्या-काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व भरपूर मिळतं. बांगलादेशात मोला या बोटाएवढ्या माशावर याच दिशेने संशोधन करणाऱ्या शकुंतला थिलस्टेड यांना २०२१चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. रोहूच्या तुकडीत मांस जास्त, पण काटा आपण ताटाबाहेर टाकतो. बाळंतिणीला आणि वाढत्या पोराला काय हवं, हे मत्स्यबीजाच्या मागणीपत्रात मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

आता नव्या दोन माशांची हवा आहे, तिलापिया आणि पंगेशियस. जलाशयात तरंगते पिंजरे बांधून त्यांत हे मासे वाढवायची पद्धत छत्तीसगढने अनेक ठिकाणी उचलली आहे. कोरबाजवळच्या हसदेव बांगो जलाशयातही असे पिंजरे आहेत. विस्थापित कुटुंबांना त्यातून रोजगार मिळतो, ही मोठीच गोष्ट. पण जाळी फाटते, वादळ येतं. तिलापिया १९५२मध्ये भारतात आला आणि १९५९मध्येच त्याच्या प्रसारावर बंधनं घालावी लागली, इतका तो भराभर वाढतो. आपल्या उजनीत 'चिलापी' या घरगुती नावाने आज त्याचंच राज्य आहे. पिंजऱ्यासाठी आता फक्त नरांचं बीज वापरण्याची शिफारस असते, त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

थाई मांगूरची कथा तर याहून वाईट. नाव थाई, पण मासा मुळात आफ्रिकी आणि दिसेल ते खाणारा. २०००पासून देशात त्यावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही कारवाईचे आदेश दिले, तरी चोरून पैदास होते आणि साठे पकडले जातात. तो देशी मांगूर म्हणून गळ्यात मारला जातो. घेताना एवढं पाहावं, देशी मांगूर सहसा किलोच्या आतच असतो. दोन-तीन किलोंचा 'मोंगरी' कुणी स्वस्तात देऊ लागला, तर तो घेऊ नये.

मग गंगरेलसारख्या पाण्यात करायचं काय? जो मासा त्या नदीचा नाही आणि तिथे स्वतःहून वाढू शकतो, तो मोकळ्या पाण्यात सोडूच नये, उत्पादनाचा आकडा कितीही गोड असो. रोहू-कतला सोडायचे, तर चांगल्या बोटुकलीच्या, म्हणजे चारेक इंचांच्या आकारात सोडावेत. त्याहून लहान पिल्लं शिकारी माशांच्या पोटात जातात आणि सरकारी खर्च पाण्यात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी मनापासून पाळली, तर महानदीचे स्वतःचे मासे वर चढून अंडी घालतात आणि ते बीज फुकट असतं. राहता राहिला पट्टा. त्याची मुदत अपुरी असेल, तर संस्था लवकर वाढणाऱ्या माशाकडेच वळणार. मरळीची वाट पाहायची, तर पुढच्या वर्षीही तळं आपल्याच हाती राहील याची केवट आणि ढीमर कुटुंबांना खात्री लागते.

जुलै लागला, की मत्स्यबीज केंद्रांमधून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गावोगाव निघतात. तळ्यावर पोचल्यावर पिशवी लगेच फोडत नाहीत. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत ती काही मिनिटं तशीच तरंगत ठेवतात आणि मग तोंड सोडतात. त्याच दिवसांत, पहिल्या सरींनी बांध भरले, की खोकसी आणि मोंगरी तळ्यातून निघून धानाच्या बांधीत अंडी घालायला चढू लागतात.