चष्म्याने रंग दिसतात का?



मागच्या महिन्यात मस्तगडच्या आपल्या कार्यालयात बसून मी गटांचे कर्ज मागणी अर्ज बघत होते. शेळ्या, शिलाई मशीन, लेकीची फी, दवाखाना, बियाणं, सगळं नेहमीचंच. मधेच एक अर्ज निघाला. रक्कम 28,000 रुपये. कारण : मुलाचा चष्मा.

मला वाटलं एक शून्य जास्त पडलं असेल. गटाच्या सचिवताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नाही मॅडम, बरोबर आहे आकडा. मीटिंगमधे आम्हीपण हसलो. पण ती रडायलाच लागली, मग कुणी काही बोललं नाही."

दोन दिवसांनी त्या ताई स्वतःच आल्या. भोकरदनकडच्या, दीड एकर मिरची. मुलगा वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो, धावण्यात पहिला. तयारी करणाऱ्या पोरांपैकी एकाने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक आणलं होतं. सगळ्यांना त्यात आकडे दिसले, याला नुसते ठिपके. मग एक एजंट भेटला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला : माणूस चष्मा घालतो, आजूबाजूला बघतो आणि रडायला लागतो, कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदा रंग दिसले. हा चष्मा घातला की मेडिकल पास, असं एजंटाने सांगितलं. आगाऊ पैसे द्या म्हणाला.

ताई उठता उठता हळूच म्हणाल्या, "सासूबाई म्हणत्यात, तुझ्याच घरातून आलंय हे. आमच्यात कुणाला नव्हतं."

खरं सांगू? मला त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकले, डोळ्यांचं शास्त्र नाही. तो व्हिडिओ मीपण बघितला होता आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून मंजुरी थांबवली, वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि त्या मायलेकांसोबत गेले.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रंगांधळेपणा म्हणजे सगळं जग काळं-पांढरं दिसणं नव्हे. तसं फारच क्वचित कुणाला होतं. बहुतेकांना निळा, पिवळा नीट दिसतो. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, चॉकलेटी, केशरी यांच्यात. नजर चांगली असते, लांबचं दिसतं, सुईत दोरा ओवता येतो. म्हणूनच घरात वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. युरोपातल्या पुरुषांमधे साधारण 12 जणांत एकाला हे असतं, आपल्याकडे प्रमाण थोडं कमी. बायकांमधे 200 मधे एखादीला. म्हणजे आपल्या शाळेतल्या मोठ्या वर्गात एखादा तरी मुलगा असा निघणार.

आता हे होतं कसं? डोळ्याच्या आत, पडद्यावर, रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात. त्यांना तीन सख्या समजा. एक निळ्याची बातमी देते, एक हिरव्याची, एक लालची. मेंदू आपला सचिव, तो तिघींचं ऐकून इतिवृत्त लिहितो. काही जणांत लालवाली आणि हिरवीवाली जवळजवळ एकच बोलतात, एकदम बोलतात, आणि सचिवाला कळत नाही कोण काय म्हणालं. हा झाला सौम्य किंवा मध्यम प्रकार. काही जणांत त्या दोघींपैकी एक बैठकीला येतच नाही. हा तीव्र प्रकार.

चष्मा काय करतो ते आता समजायला सोपं आहे. त्याची काच प्रकाशाचा नेमका तेवढाच तुकडा अडवते, जिथे त्या दोघी एकदम बोलतात. मग उरलेल्यात दोघींचे आवाज जरा वेगळे ऐकू येतात. म्हणजे लाल आणि हिरव्यातला फरक ठळक होतो. पण जी सखी आलीच नाही, तिचा आवाज कोणती काच आणणार? म्हणून तीव्र प्रकारात या चष्म्याचा उपयोग जवळपास नाही. आणि सौम्य प्रकारातही नवीन पेशी तयार होत नाही. चष्मा काढला की डोळा आधी होता तसाच.

या चष्म्याचा शोध गमतीत लागलाय. अमेरिकेतले काचतज्ज्ञ डॉन मॅकफर्सन हे लेझरने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी डोळे वाचवणारे चष्मे बनवत होते. एकदा मैदानावर खेळताना त्यांच्या मित्राने तो चष्मा सहज घातला आणि म्हणाला, अरे, ते केशरी शंकू दिसले मला! तो मित्र रंगांध होता. त्यातून 2010 साली एनक्रोमा ही कंपनी निघाली आणि पुढे ते व्हिडिओ जगभर फिरले. 2018 मधे स्पेनमधल्या ग्रानाडा विद्यापीठाने 48 रंगांध लोकांवर हा चष्मा तपासला. निष्कर्ष असा की रंग वेगळे भासतात, काही रंग एकमेकांपासून सुटे होतात, पण दुसरे काही नव्याने एकमेकांत मिसळतात. चष्म्याने रंगांधळेपणा जात नाही आणि तपासणीचा निकालही फारसा सुधारत नाही.

व्हिडिओतले लोक खोटं रडत असतात असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच काहीतरी नवं दिसत असेल. पण ज्यांना काहीच फरक पडला नाही त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

आमच्या मुलाचं काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी ते ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी ते 1917 साली तयार केलं, आजही सगळीकडे तेच वापरतात. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, थेंब टाकावे लागत नाहीत. मुलगा मध्यम प्रकारात निघाला. मग आम्ही एका चष्म्याच्या दुकानात गेलो, तिथे असा एक चष्मा नमुन्याला ठेवलेला होता. त्याने तो घातला आणि दारात जाऊन उभा राहिला.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती रिक्षात बसलेली बाई, तिची ओढणी लाल आहे ना? ती लगेच दिसली." आम्ही म्हणालो, हो. "पण सगळं जरा अंधारल्यासारखं झालंय. ऊन उतरल्यासारखं. आणि झाडं आधीसारखीच."

रडला वगैरे नाही.

ताईंनी पिशवीतून मूठभर मिरच्या काढल्या. घरून मुद्दाम आणल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. हिरव्या, लाल आणि मधल्या, ज्यांना नुकता रंग धरायला लागलाय अशा. दुकानाच्या काउंटरवरच त्याला निवडायला लावल्या. आधी चष्म्याशिवाय : तो हाताने दाबून, चमक बघून, देठ बघून निवडत होता. बऱ्याच बरोबर आल्या, पण वेळ लागला आणि चार-पाच लाल मिरच्या हिरव्यात गेल्या. मग चष्मा घालून : पूर्ण लाल मिरच्या पटकन बाजूला काढल्या, पण रंग धरलेल्या निम्म्या पुन्हा हिरव्यातच. ताई बघत राहिल्या. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मालात लाल निघाली की भाव पडतो, तुम्हाला माहीतच आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "मी किती बोलले याला मिरच्या निवडताना. आंधळा हायेस का म्हणून."

परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं की भरतीच्या तपासणीत हा चष्मा चालत नाही, काढायलाच लावतात. रंगीत लेन्स घातली तरी तेच. एक वाक्य, आणि 28,000 रुपये वाचले. पण मुलाचं दोन वर्षांचं धावणं त्या एका वाक्यात संपलं, हेही खरं. तो घरी जाताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला होता.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येऊ. ते अर्धं खरं आहे आणि पूर्ण अन्यायाचं आहे. लाल-हिरवा ओळखण्याची माहिती एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. आपल्या बायकांकडे एक्सच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. आपलं कसं, पासबुकात नोंद चुकली तरी गटाच्या खातेवहीत बरोबर असते, काम चालतं. मुलाकडे एकच वही. ती आईकडून येते आणि त्यात चूक असली तर दुसरी नाही. आई स्वतः सगळे रंग नीट बघते, तिला माहीतही नसतं की तिच्याकडच्या एका प्रतीत चूक आहे. तिच्याकडे ती कुठून आली? तिच्या वडलांकडून किंवा आईकडून. अशा आईच्या प्रत्येक मुलाला हे होण्याची शक्यता निम्मी. आणि बाप रंगांध असला तरी तो मुलाला हे देत नाही, कारण मुलाला बापाचा एक्स मिळतच नाही. मुलीला मात्र देतो.

ग्रहणात बाहेर गेल्याने, गरोदरपणी काही खाल्ल्याने, मोबाइल बघितल्याने हे होत नाही. कुणाच्या पापाने तर नाहीच. इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांध होते, त्यांचा भाऊही. 1794 साली त्यांनीच यावर पहिलं नीट व्याख्यान दिलं.

माझं सांगते. माझ्या मामाने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामीला हिरवी म्हणून चक्क चॉकलेटी साडी आणली होती. आमच्याकडे अजून त्यावर हसतात. हे सगळं वाचताना लक्षात आलं की मामाला ते आजीकडून आलं असणार, म्हणजे माझ्या आईकडेही ती प्रत असू शकते, आणि माझ्याकडेही. उद्या मला मुलगा झाला आणि तो रंगांध निघाला तर कुणी मला बोलणार का? बोलू देणार नाही मी.

लेकरू लहान असतानाच ओळखता येतं. चित्रात झाडाचं पान चॉकलेटी आणि खोड हिरवं रंगवतं. खडूवर लिहिलेलं रंगाचं नाव वाचून खडू उचलतं. पिकलेलं बोर शोधायला इतरांपेक्षा वेळ लावतं. असं असेल तर मारू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात दाखवा, जालन्यात श्री गणपती नेत्रालयही आहे. बाईंना सांगा की फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं याला वाचता येत नसेल. दहावी-बारावीच्या आधी कळलं तर पोरगं कोणत्या तयारीला वर्षं घालायची ते ठरवू शकतं. पोलीस, रेल्वेचा चालक, सैन्य यांच्यात रंगदृष्टी तपासतात.

सगळी दारं बंद नाहीत. जून 2020 मधे केंद्र सरकारने नियम बदलला, सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता गाडीचं लायसन्स मिळू शकतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने आशुतोष कुमार या तरुणाला 2015 मधे चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला रंगांध म्हणून प्रवेश नाकारला होता. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. तरी सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे जाणकारांची समिती नेमली गेली आणि एप्रिल 2022 मधे न्यायालयाने सांगितलं की रंगांध विद्यार्थ्यांना सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्या. सात वर्षं लागली, पण चष्मा न घालता जिंकला.

एक गोष्ट मात्र आजच घरी जाऊन करा. फवारणीच्या डब्यावर चौकोनी चिन्ह असतं, त्याचा खालचा भाग रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने सगळ्यात सौम्य. सगळ्यात घातक लाल आणि सगळ्यात सौम्य हिरवा! नेमके तेच दोन रंग आमच्या मुलासारख्याला सारखे वाटू शकतात, आणि घरात फवारणी बहुतेक तरुण पोरगंच करतं. लाल चिन्हावर कवटी आणि हाडं काढलेली असतात, ती बघायला शिकवा. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा. मोटारीच्या स्टार्टरवर हिरवं-लाल बटण असतं, तिथे 'चालू' आणि 'बंद' अशा पट्ट्या चिकटवा. कपाशीवर लाल्या आला की नाही हे बघायला त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत कुणी जा.

आणि हे आधी लिहायला हवं होतं : जन्मापासून रंग नीट दिसणाऱ्या माणसाला अचानक लाल-हिरवा फिका दिसायला लागला, तर तो आनुवंशिक प्रकार नाही. तो आजार असू शकतो. टीबीच्या गोळ्यांपैकी इथॅमब्युटॉल या औषधाने काही जणांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो आणि त्यात रंग आधी बिघडतात. आपल्या गटांमधे टीबीचा कोर्स चालू असलेल्या बायका आहेत. असं जाणवलं तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

ताईंनी कर्जाचा अर्ज परत घेतला. एजंटाने पुढे दोनदा फोन केला, तिसऱ्या वेळी सचिवताईंनी उचलला. मुलगा अजून रोज पहाटे पळतो. रंगदृष्टीची अट नसलेल्या जागांच्या जाहिराती तो आणि मी मिळून शोधतोय, कुणाला माहीत असेल तर कार्यालयात कळवा. मागच्या आठवड्यात गावात गेले तर त्यांच्या आणि शेजारच्या दोन शेतांतल्या स्टार्टरवर 'चालू-बंद'च्या पट्ट्या लागलेल्या होत्या. अक्षर त्याचंच.