दोन माणसं आणि वर तीन

जूनचा दुसरा आठवडा. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात मी स्टुलावर बसलोय. बाहेर धो धो पाऊस, आत भिंतीला ओल. म्हणून खोकी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचलेली. प्रत्येकावर शिक्का: शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही. स्टोअरच्या मॅडम सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या, म्हणजे एएसव्हीच्या कुप्या बोटाने मोजतायत.

“तेवीस. म्हणजे दोन माणसं आणि वर तीन.”

कुप्यांचा हिशेब त्या माणसांत करतात. विष भिनलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या लागतात, कधी पुन्हा तेवढ्याच. लहान मूल असलं तरी डोस तोच. साप काही वय विचारून विष सोडत नाही.

ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीच्या पडद्यावर त्या मला यंदाची मागणी दाखवतात. फेब्रुवारीतच गेलेली. पण जुना दर करार संपलेला, नवा अजून सहीसाठी अडकलेला. “पॅरासिटामॉल असतं तर गावातल्या मेडिकलमधून लोकल पर्चेस केलं असतं. हे कोण ठेवतंय?”

आपण टंचाई म्हणतो ती कपाट रिकामं दिसल्यावर. खरं तर ती निविदेच्या कागदातच जन्मते. सगळ्यात स्वस्त असेल त्या एकालाच सगळी ऑर्डर द्यायची, त्याचं बिल महिनोन् महिने लटकवायचं, आणि पुढच्या खेपेला कोणी निविदाच भरली नाही की कपाळाला हात लावायचा! त्यात हे औषध घोड्याच्या रक्तातून मिळतं. घोड्याला थोडंथोडं विष टोचून प्रतिपिंडं तयार व्हायला महिने जातात. तातडीच्या पत्राने घोडा काही धावत नाही.

“तमिळनाडूत पासबुक असतं, माहितीय?” मॅडम विचारतात. तिथलं औषध महामंडळ 1994 मधलं. दवाखान्याच्या पासबुकात वर्षाची रक्कम लिहिलेली. लागेल तसं जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. गोदामात साधारण तीन महिन्यांचा माल राखलेला, आणि बॅच प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय ती वाटपाला येत नाही. आपल्याकडे 2017 पासून सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, 2023 च्या कायद्याने तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. मॅडमना पाटीचं विशेष कौतुक नाही. “बिलं वेळेवर सोडा आणि ऑर्डर दोघा-तिघांत वाटा. मग पाटी कुठलीही लावा.”

दारात वॉर्डातले मामा. “मॅडम, फुरसं. बाई आहे, गवत काढताना चावलं.”

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलंय. 20 मिनिटं कोणी हात लावायचा नाही. बाईचा नवरा नळीकडे बघत उभा, अंगावरच्या इरल्यातून फरशीवर पाणी ठिबकतंय. वेळ होते, डॉक्टर नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं सरकतं. गोठलेलं नाही, म्हणजे विष भिनलंय.

10 कुप्या. भुकटीत पाणी सोडून सिस्टर एकेक कुपी तळहातांत हलकेच फिरवते. हलवली तर फेस येतो. घाई असतानाही घाई करता येत नाही असं हे काम.

“बाहेरून काय आणू?” नवरा विचारतो.

“काही नको,” डॉक्टर म्हणतात. खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते दोन शब्द ऐकून बरं वाटतं.

भांडारात परत येऊन मॅडम नोंदवहीत 23 खाली 10 लिहितात, रेघ मारतात. 13. मग फोन उचलून शेजारच्या तालुक्याचा नंबर लावतात.

“सर, दहा उसन्या मिळतील का? माल आला की पहिल्या तुमच्या परत करते... वीसच आहेत? बरं, मग पाच द्या.”

मामा न सांगताच रेनकोट अडकवायला लागलेत.