कंटेनर टर्मिनलचे कामकाज : न्हावा-शेवा बंदराच्या संदर्भात

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. २०२४-२५ या वर्षात येथे सुमारे ७३ लाख टीईयू इतकी कंटेनर वाहतूक झाली. टीईयू म्हणजे वीस फूट लांबीचा एक कंटेनर. चाळीस फुटी कंटेनर दोन टीईयू धरला जातो. वर्गात हा विषय शिकविताना आपण बहुधा धक्का आणि त्यावरील उंच क्रेन यांचेच वर्णन करतो. वस्तुतः टर्मिनलची कसोटी धक्क्यामागील यार्डात लागते, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

यार्डातील थप्पी

धक्क्यावरील क्रेन कंटेनरच्या चार कोपऱ्यांत कुलुपे अडकवून तो जहाजातून उचलते व खाली उभ्या असलेल्या ट्रेलरवर ठेवते. हे काम काही मिनिटांचे असते. यार्डात रबरी चाकांची दुसरी क्रेन तो थप्पीत रचते. थप्पी चार-पाच कंटेनर उंच असते आणि अडचण येथूनच सुरू होते. निर्यातीचा कंटेनर कोणत्या जहाजाचा, कोणत्या बंदराचा, किती वजनाचा हे आधी ठाऊक असल्याने त्याप्रमाणे रचना करता येते. आयातीचा कंटेनर न्यावयास कोण, कधी येईल हे मात्र सहसा निश्चित नसते. तळचा कंटेनर हवा असल्यास वरचे सर्व आधी हलवावे लागतात. या उचलाउचलीत माल तसूभरही पुढे सरकत नाही. क्रेन, इंधन व वेळ मात्र खर्ची पडतो. गेटबाहेर ट्रेलरचालक तासन्‌तास खोळंबतात, त्याचे एक कारण या थप्पीत दडलेले असते. नाशिकच्या द्राक्षांचे शीत कंटेनर तर वीजजोडणीच्या ठिकाणीच ठेवावे लागतात.

कोणता कंटेनर कोठे आहे, याची नोंद संगणकात असते. जून २०१७ मधील सायबर हल्ल्यात मर्स्क समूहाची संगणक यंत्रणा बंद पडली, तेव्हा या बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. क्रेन धडधाकट होत्या, नोंद हाती नव्हती.

जमिनीचा प्रश्न

कंटेनर जितके दिवस पडून राहतो, तितकी अधिक जमीन अडते. म्हणूनच आयातीचा कंटेनर बंदराबाहेरील मालस्थानकात न नेता टर्मिनलवरूनच थेट आयातदाराच्या ताब्यात देण्याच्या पद्धतीवर अलीकडे भर दिला गेला. तिचे मोजमाप वाचलेल्या दिवसांत व रुपयांत होते. वाचलेल्या जमिनीचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखकास ही उणीव गंभीर वाटते, कारण येथील जमीन रिकामी नव्हती. या बंदरासाठी जुन्या शेवा कोळीवाड्यातील मच्छीमार कुटुंबे विस्थापित झाली. पुनर्वसनाच्या हनुमान कोळीवाड्यात अपुरी जागा आणि घरांना लागलेली वाळवी यांविषयीची त्यांची तक्रार बंदराच्या वाढीबरोबरच अनेक दशके चालत आली.